अठरा इंची कानस

मराठीत 'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नावावर जमा झाला आहे. मुळात तो फारसीतून आलेला. उमेद बाळगून असलेला तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांतून पगाराशिवाय दप्तरे वाहणारी, कधीतरी जागा रिकामी होईल या आशेवर कारकुनाच्या शेजारी बसून अक्षर गिरवणारी तरुण मुले उमेदवारी करीत असत. पुढे 'ॲप्रेंटिस' या इंग्रजी शब्दासाठी सरकारला मराठी प्रतिशब्द हवा झाला तेव्हा 'शिकाऊ उमेदवार' असा जोडशब्द रूढ झाला. कारखान्यात मात्र तो कोणी उच्चारत नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत काय किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय, तो 'ॲप्रेंटिस' असतो, नाहीतर नुसताच 'पोरगा'. तरीही हा सरकारी शब्द मला आवडतो. हातात काम आहे, धंदा अजून नाही, आणि मधल्या काळात फक्त उमेद आहे, ही त्या मुलाची सगळी अवस्था त्यात आली आहे.

या उमेदवाराचा इतिहास लिहावा असे वाटण्याला एक कारण आहे. आपण ज्याला काटेकोर यंत्रकाम म्हणतो, इंचाचा हजारावा भाग म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'थाऊ', आणि त्याहीपेक्षा बारीक मापांचे काम, ते सारे यंत्रांमुळे शक्य झाले असा सर्वसाधारण समज असतो. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा. तेवढ्या फरकाने पंपाचा दांडा घट्ट बसतो किंवा खडखडतो. पण थोडा विचार केला की एक कोडे उभे राहते. यंत्रानेच यंत्र घडवायचे असेल तर आईच्या अंगची चूक लेकरात उतरणारच. वाकड्या लेथवर सरळ दांडा कातला जात नाही. मग पहिला सरळ लेथ कोणी केला? आणि ज्या मापाने तो सरळ आहे हे ठरले, ते माप कोणी तपासले?

या कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी लंडनमधल्या एका कारखान्यात सापडते, आणि ते उत्तर देणारा माणूस, गंमत म्हणजे, रीतसर उमेदवारी न केलेला होता.

इंग्लंडात उमेदवारी ही साधी गोष्ट नव्हती. राणी एलिझाबेथच्या राजवटीत, १५६३ साली झालेल्या कायद्याने असे ठरवले होते की, कमीत कमी सात वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढल्याखेरीज कोणाला धंदा करता येणार नाही. मुलाचा बाप आणि उस्ताद यांच्यात करार होई. एकाच चामड्यावर तो दोनदा लिहून मधोमध दातेरी कापत; एक तुकडा बापाकडे, एक उस्तादाकडे. पुढे वाद झालाच तर दात जुळवून पाहायचे. या करारात मुलावर बंधने किती! दारूच्या गुत्त्यात जायचे नाही, फासे खेळायचे नाहीत, लग्न करायचे नाही, उस्तादाची गुपिते बाहेर सांगायची नाहीत. उस्तादाने त्याला जेवण, कपडे, निवारा द्यायचा आणि धंद्याची विद्या शिकवायची. चांगल्या उस्तादाकडे मूल ठेवायचे तर बापाने वर रोख रक्कम मोजावी लागे. आपल्याकडे लोहार-सुतारांच्या पोरांना जे जातीने मिळत होते ते तिकडे करारपत्राने मिळे, एवढाच फरक. बाहेरच्याला दार बंद असण्याची सोय दोन्हीकडे सारखीच होती. या कायद्यातली सात वर्षांची कलमे १८१४ साली रद्द झाली, पण रूढी काही कायद्याबरोबर मरत नाही.

हेन्री मॉडस्लेचा जन्म १७७१ चा. वडील लष्करात जखमी होऊन वूलिचच्या शस्त्रागारात नोकरीला लागलेले. हेन्री बाराव्या वर्षी तिथेच काडतुसांत दारू भरण्याच्या कामाला लागला. दोन वर्षांनी सुतारखान्यात गेला. पण लक्ष सगळे शेजारच्या लोहारशाळेकडे. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला भात्यापाशी पाठवण्यात आले. तिथे त्याचा हात असा काही बसला की जुन्या लोखंडी सळ्यांपासून चुलीवर भांडे ठेवायच्या तिवया घडवण्यात त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही. हे तिवयांचे काम अर्थात सरकारी वेळेत चोरून चालायचे. आपल्याकडच्या कारखान्यांतून घरच्या विळ्या आणि अडकित्ते जसे तयार होतात तसेच!

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या संशोधकाने एक कुलूप काढले होते. कुलूप इतके पक्के की, किल्लीवाचून उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस देण्याची पाटी त्याने दुकानाच्या खिडकीत लावली. (ते उघडले १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी, एका अमेरिकन कुलूपकाराने, त्यालाही सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले.) ब्रामाची अडचण वेगळी होती. कुलूप डोक्यात तयार होते, पण त्याचे बारीक भाग हाताने घडवायला कारागीर मिळत नव्हते आणि मिळाले तर एकेक कुलूप इतके महाग पडे की विकावे कोणाला? कोणीतरी वूलिचच्या या पोराचे नाव सुचवले. १७८९ साली अठरा वर्षांचा मॉडस्ले ब्रामासमोर उभा राहिला.

ब्रामाला पोरगा आवडला, पण नोकरीला ठेवायची भीती वाटली. सात वर्षांची उमेदवारी कुठे झाली आहे? कारखान्यातले जुने कारागीर उद्या उठून म्हणतील, हा कोण उपरा आमच्या पंगतीला? तेव्हा मॉडस्लेनेच तोड सुचवली. कोपऱ्यात एक झिजून निकामी झालेला शेगडा पडला होता, ज्याला आज सगळे व्हाइसच म्हणतात तो. तो म्हणाला, संध्याकाळी सहाच्या आत हा नव्यासारखा करून दिला तर ठेवाल? मग त्याने अंगरखा काढला, शेगड्याचे जबडे सोडवले, त्यांना पोलादाचे नवे तोंड जोडले, कानस मारून ते सपाट केले, वर दाते काढले, पोलादाला पाणी दिले, आणि सहा वाजायच्या आधी शेगडा जागेवर चढवून मोकळा झाला. बाकीचा शेगडाही घासून लखलखीत केलेला. जुने कारागीर एकेक करून येऊन बघून गेले. त्यानंतर सात वर्षांची गोष्ट कोणी काढली नाही.

जेम्स नेस्मिथ या त्याच्या शिष्यामुळे ही कथा पुढच्यांना कळली. तिला शिष्याच्या भक्तीचा थोडा रंग चढला असेल, तो वजा करूनही एक मुद्दा उरतो. करारपत्राची परीक्षा आणि शेगड्याची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडस्ले दुसरीतून आत शिरला. पुढे आपल्या कारखान्यात त्याने माणसे घेतली तीही याच परीक्षेने.

ब्रामाकडे त्याने आठ वर्षे काढली, कुलपाचे भाग एकसारखे कातणारी यंत्रे बनवली, कारखान्याचा मुकादम झाला, ब्रामाच्याच घरी काम करणाऱ्या मुलीशी लग्न केले. पगार आठवड्याला ३० शिलिंग. घरखर्च वाढला तसा त्याने वाढ मागितली, ब्रामाने झिडकारली. १७९७ साली मॉडस्ले बाहेर पडला आणि त्याने ऑक्सफर्ड रस्त्याजवळ एक लहानसे दुकान टाकले. आठ-दहा शिलिंग वाचवताना ब्रामाने काय गमावले, याचा हिशेब नंतर इतरांनी मांडला.

त्या काळचे स्क्रू आणि नट कसे होते याची आज कल्पना येणे कठीण आहे. प्रत्येक बोल्टाला त्याचा स्वतःचा नट असे. आटे हाताने, डोळ्याच्या अंदाजाने पाडलेले. एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसत नसे. यंत्र खोलताना कारागीर प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवत, नाहीतर पुन्हा जोडणी अशक्य. मॉडस्लेने लेथ पूर्ण लोखंडी केला. त्यावर हत्यार कारागिराच्या हातात न राहता एका सरकत्या घोडीवर पक्के बसवले, आणि ती घोडी एका लांब मळसूत्राने पुढे सरकवली. मळसूत्र आणि फिरणारा दांडा यांच्यामध्ये दातेरी चाके. चाके बदलली की आट्यांचे अंतर बदलते. या प्रत्येक कल्पनेचा मान त्याला एकट्याला देणे चूक ठरेल. दुर्बिणी आणि मापनयंत्रे करणाऱ्या जेसी रॅम्सडेनने त्याच्याही आधी वीस-पंचवीस वर्षे असा लेथ केला होता. मॉडस्लेचे वेगळेपण हे की, त्याने तो रोजच्या कामाचा, जड कामाला टिकणारा केला आणि मग आयुष्यभर त्यावरच्या मळसूत्राचा पिच्छा सोडला नाही. एका मळसूत्रातली चूक शोधायची, ती सुधारून दुसरे कापायचे, त्यावरून तिसरे. अखेरीस त्याने पाच फूट लांब, दोन इंच जाड आणि इंचाला पन्नास आटे असलेले मळसूत्र तयार केले. त्याचा नट बारा इंच लांबीचा, म्हणजे एका वेळी सहाशे आटे एकमेकांत गुंतलेले. सहाशे आट्यांत एखाद्याची चूक असली तरी बाकीचे तिला दाबून टाकतात. आधीच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथे आहे. चूक लेकरात उतरते खरी, पण लेकरे पुष्कळ असली आणि आई चिकट असली तर ती पिढीगणिक कमी करता येते.

उरलेले अर्धे उत्तर सपाटीचे. यंत्राचा पाया सपाट नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. पण सपाट म्हणजे काय, हे ठरवायला आधीच एक सपाट वस्तू लागते. मॉडस्लेच्या कारखान्यात यासाठी बिडाच्या तीन प्लेटी एकमेकींवर तपासून तयार करीत. दोनच घेतल्या तर फसगत होते. एक मध्ये फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि कारागिराला वाटते, काम झाले. म्हणून तिसरी. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. पहिली फुगीर असेल तर तिच्याशी जुळलेल्या दोघी खोलगट होणार, आणि त्या दोघी समोरासमोर आल्या की लबाडी उघडी पडणार. तिघी एकमेकींशी सर्व बाजूंनी जुळल्या तर त्या सपाटच असल्या पाहिजेत, दुसरा पर्यायच नाही. प्लेटीला रंगाचा पातळ हात द्यायचा, दुसरी वर ठेवून सरकवायची, जिथे डाग पडेल तिथे उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. हे दिवसेंदिवस चालते. या रीतीला बाहेरचे माप लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. तीन बिडाचे तुकडे, रंग, एक धारदार हत्यार आणि न कंटाळणारा हात लागतो. आजही लेथच्या बेडची दुरुस्ती करणारा मिस्त्री निळा रंग आणि स्क्रेपर घेऊनच बसतो.

या रीतीचे श्रेय कोणाचे, यावर इंग्रजांत बराच वाद आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोला शास्त्रज्ञांच्या सभेत ती मांडली, त्यामुळे ती त्याच्या नावावर चढली. नेस्मिथ म्हणतो, ही रीत तर आमच्या म्हाताऱ्याच्या कारखान्यात रोजची होती. मला नेस्मिथचे म्हणणे पटते, पण व्हिटवर्थलाही कमी लेखता येत नाही. आधी प्लेटी कुरुंदाची पूड टाकून एकमेकींवर घासत. पूड सगळीकडे सारखी राहत नाही आणि सपाटी बिघडते. घासणे बंद करून नुसत्या खरवडण्यावर भर दिला तो व्हिटवर्थने. शिष्याने गुरूची रीत उचलली आणि तिच्यातला एक दोष काढला. उमेदवारीचा याहून चांगला दाखला कोणता देणार?

लँबेथला १८१० च्या सुमारास थाटलेला मॉडस्लेचा कारखाना अशा शिष्यांनी भरलेला होता. विणकराचा मुलगा जोसेफ क्लेमंट इथे मुख्य नकाशे काढणारा होता. त्यानेच पुढे चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग घडवले. सूत कातणारे आपोआप चालणारे यंत्र पुढे ज्याने काढले तो रिचर्ड रॉबर्ट्स इथलाच. व्हिटवर्थ १८२५ साली आला. प्रत्येक कारागिराच्या बाकावर एक सपाट प्लेट असे. केलेले काम तिच्यावर ठेवून ज्याचे त्याने तपासायचे. मॉडस्लेच्या स्वतःच्या बाकावर इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजणारे एक यंत्र होते. त्याला त्याने इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधीशाचे नाव दिले होते, 'लॉर्ड चॅन्सलर'. कारण त्याच्या निवाड्यावर अपील नाही! रविवारी कारखाना बंद असताना म्हातारा एकटाच खडू घेऊन फिरे आणि ज्याचे काम जसे दिसेल तसा बरावाईट शेरा त्याच्या बाकावर लिहून ठेवी. सोमवारी सकाळी माणसे आधी बाकाकडे बघत. शिक्षकीची ही तऱ्हा मला फार भावते. चारचौघांत पाणउतारा नाही, पण सुटकाही नाही. आणि शिकवणारा स्वतः हत्यार धरी. त्याच्या हातातली अठरा इंची कानस चालताना बघणे म्हणजे सोहळा होता, असे त्याच्या जुन्या कारागिरांच्या आठवणींत येते. कानस सपाट चालवणे बोलण्याइतके सोपे नाही. दोन्ही हातांचा दाब प्रत्येक इंचाला बदलावा लागतो, नाहीतर काम मध्ये फुगीर आणि कडांना उतरते होते. ते पुस्तकात लिहिता येत नाही. शेजारी उभे राहून पाहावे लागते.

नेस्मिथ या कारखान्यात १८२९ साली आला त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पैसे मोजून येणाऱ्या सधन घरच्या उमेदवारांना मॉडस्ले इतका विटला होता की त्याने ते घेणेच बंद केले होते. एडिंबरोहून बापाबरोबर आलेल्या या वीस वर्षांच्या तरुणाने स्वतः बनवलेले एक लहान वाफेचे इंजिन आणि काही नकाशे त्याच्यासमोर मांडले. मॉडस्लेने ते निरखून पाहिले आणि त्याला थेट आपल्या खाजगी खोलीत मदतनीस म्हणून घेतले. पगार दहा शिलिंग. तेवढ्यात लंडनला भागावे म्हणून नेस्मिथने दिव्याच्या मंद आचेवर दिवसभर मटण शिजवणारे एक पात्र स्वतः तयार केले; सकाळी लावून कामाला जायचे, संध्याकाळी जेवण तयार. बापाकडे पैसे मागायचे नाहीत असा त्याचा निर्धार होता. १८३१ च्या फेब्रुवारीत मॉडस्ले वारला.

शिष्य वेगवेगळ्या वाटांनी गेले. व्हिटवर्थने मँचेस्टरला कारखाना काढला, देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाण आटे सुचवले. ते इंग्लंडात रुळले आणि रेल्वेबरोबर हिंदुस्थानात आले. आठ सुतांचा इंच आणि व्हिटवर्थचे आटे हीच आपल्या मिस्त्र्यांची बाराखडी होती. १९५६ चा मेट्रिक मापांचा कायदा झाल्यावरही जुन्या हातांना मिलिमीटरची सवय व्हायला बराच काळ गेला.

नेस्मिथची वाट मात्र मनाला टोचणारी आहे. त्याने मँचेस्टरजवळ १८३६ साली मोठा कारखाना उभारला, वाफेचा घण शोधला, भरपूर पैसा मिळवला. आणि उमेदवारीला मनापासून विरोध केला. सात वर्षे बांधून घेतलेला मुलगा आळशी होतो, असे त्याचे मत. कारागिरांच्या संघटनेने त्याला बजावले की रीतसर उमेदवारी केलेल्यांनाच कामावर घ्या. त्याने नकार दिला, संप झाला, त्याने स्कॉटलंडहून माणसे आणली. त्याच्या बाजूने बोलायचे तर त्याच्या गुरूलाही सात वर्षांचा कागद नव्हता, आणि हुशार मजुराला कारागीर होण्याची वाट मोकळी हवी हे म्हणणे न्याय्यच होते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपोआप चालणाऱ्या यंत्रांपाशी आता कारागिराऐवजी मजूर किंवा पोर उभे करता येत होते. याची चुणूक मॉडस्लेच्या काळातच दिसली होती. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या दोरखंडांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या करण्यासाठी मार्क ब्रूनेलने आखलेली ४५ यंत्रे मॉडस्लेने घडवली, आणि ११० कारागिरांचे काम दहा अकुशल माणसे करू लागली. ज्यांच्या हाताने ती यंत्रे अचूक झाली तो हात पुढच्यांना शिकण्याची गरज उरली नाही, निदान मालकाला तसे वाटले. १८५२ साली इंग्लंडातल्या यंत्रकारखानदारांनी याच तंट्यावरून टाळेबंदी केली आणि संघटना हरली. शिकवायचे किती आणि राबवून घ्यायचे किती, हा प्रश्न तेव्हापासून उमेदवाराच्या पाठीला चिकटला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याच्या रूपाने आला तो १८५० साली. कंपनी सरकारने त्या वर्षी केलेला ॲप्रेंटिसांचा कायदा मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना धंदे शिकवण्यासाठी होता. खरी शाळा मात्र रेल्वेच्या कारखान्यांनी काढली. बिहारात जमालपूरचा कारखाना १८६२ चा. आमच्या बाजूला हुबळीचा कारखाना सदर्न मराठा रेल्वेने १८८० नंतरच्या दशकात उभारला. तिथे व्हिटवर्थचे आटे आणि इंग्रज फोरमन एकाच गाडीने आले. काम शिकायला मिळे, पण वरच्या जागा गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही त्याचा अनुभव आला. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस मुंबईला चित्रकला शिकायला गेला. रंगांधळेपणामुळे ती सुटली. व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत यांत्रिक नकाशे शिकवू लागला, आणि बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. ते नोकरी सोडून बेळगावला आले, जिथे बंधू रामूअण्णांबरोबर १८८८ सालीच सायकलींचे दुकान सुरू झाले होते. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लक्ष्मणरावांना मॉडस्ले मिळाला नव्हता. परदेशी पुस्तके, नियतकालिके आणि यंत्रांच्या सूचीपत्रकांतली चित्रे, आणि समोर खोलून ठेवलेले यंत्र, एवढेच त्यांचे उस्ताद. ठळकवाडीची वसाहत होणार म्हणून जागा सोडावी लागली आणि १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावकर अजून हळहळतात. ते असो. तिथे कामाला आलेली माणसे बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. त्यांना शेगड्यापाशी उभे करून शिकवल्याखेरीज कारखाना चालणारच नव्हता. त्याच घराण्याने १९४१ साली हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना काढला. लेथवर वस्तू करणे वेगळे आणि लेथच करणे वेगळे. त्यासाठी बेड खरवडणारे हात लागतात. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याचे लेथ आमच्या भागातल्या कितीतरी वर्कशॉपांतून फिरत राहिले.

या भागात यंत्रकामाने आणखी एक गोष्ट केली, जिची नोंद फारशी घेतली जात नाही. लोहारकाम, सुतारकाम, तांबटकाम हे जातीचे धंदे. फिटर आणि टर्नर यांना जात नव्हती, कारण हे धंदेच नवे होते. शेतकऱ्याचा, मुसलमानाचा, लिंगायताचा, जैनाचा आणि दलिताचा मुलगा एकाच बाकावर कानस धरू लागला. सगळे सुरळीत झाले असे मुळीच नाही. मिस्त्री विद्या चोरून ठेवतो, पोरग्याला वर्षभर चहा आणायला आणि भुसा झाडायला लावतो, आणि पोरगा जेवणाच्या सुट्टीत लेथला हात लावून शिकतो. ही आपली जुनी रीत, आणि तिचे कौतुक मला करवत नाही. तिच्यात हुशार तरतात आणि बाकीचे हेल्परच राहतात.

स्वतंत्र भारताने ही रीत बदलायचा प्रयत्न केला. १९५३ साली स्विस कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स निघाली. १९६१ साली नवा ॲप्रेंटिस कायदा आला, तो पुढच्या वर्षी अमलात आला आणि १८५० चा कायदा इतिहासजमा झाला. ठरावीक मुदत, ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र आणि विद्यावेतन हे सारे त्यात आहे. पण अठराव्या कलमाने उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असे ठरवले. आणि बाविसाव्या कलमाने मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर ठेवले नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मालकाने त्याबाबत आपले धोरण ठरवावे, एवढेच. कलमांमागचा हेतू चांगला असू शकतो. शिकण्याची जागा आणि नोकरीची जागा यांची गल्लत झाली तर कोणी शिकवायलाच तयार होणार नाही, हे खरे. परंतु तीच कलमे वापरून वर्षाला नवी तुकडी आणायची, तिच्याकडून पूर्ण पाळीचे उत्पादन काढायचे आणि विद्यावेतनावर भागवायचे, असेही चालते. अशा मुलाला यंत्रावर तुकडा चढवणे आणि बटण दाबणे येते. तुकडा मापात का बसला नाही हे विचारले की तो गप्प होतो. दोष त्याचा नाही. त्याच्या बाकावर खडूने शेरा लिहिणारे कोणी नव्हते.

बेळगावपासून जवळच, हत्तरगीला २००९ साली काटेकोर यंत्रकामासाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र सुरू झाले. विमानांचे भाग तिथे तयार होतात. हजाराव्या इंचाची भाषा मागे पडून मायक्रॉनची आली आहे. मायक्रॉन म्हणजे थाऊचा साधारण पंचविसावा भाग. मोजणी संगणक करतो. मात्र मोजायचा तुकडा ज्याच्यावर ठेवतात तो टेबल काळ्या ग्रॅनाइटचा, सपाट केलेला दगड असतो, आणि तसा दगड सपाट करताना शेवटचा हात अजूनही बऱ्याचदा माणसाचाच फिरतो. आणि सरकारी आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला बसणाऱ्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांत संगणक दिसत नाही. त्याला लोखंडाचा एक तुकडा, शेगडा आणि कानस देतात आणि तुकडा सपाट व काटकोनात करायला सांगतात. पुढे पुढे ही परीक्षा ०.०४ मिलिमीटरपर्यंत जाते. पहिला तुकडा जवळजवळ सगळ्यांचाच मध्ये फुगीर निघतो. मग निदेशक चांगला असला तर तो बोलत नाही. मुलाला बाजूला करतो, स्वतः शेगड्यापाशी उभा राहतो आणि कानस हातात घेतो.